दळण कोणाच्या गिरणीतलं? तयार पॅकेज आणि स्वतः कम्पाइल करण्याचा इतिहास

तुमच्याकडच्या इंडियन स्टोअरमध्ये थालीपिठाची भाजणी पाकिटात मिळत असेल, तर तिच्यावरून होणारा वादही तुम्ही घरी ऐकला असेल. एक पक्ष म्हणतो, वेळ वाचतो, चवही ठीक आहे, आणखी काय हवं? दुसरा म्हणतो, आत काय आणि किती घातलंय कोणाला ठाऊक. धान्यं आपण भाजावीत आणि आपणच दळून आणावीत. सॉफ्टवेअरच्या जगात हाच वाद गेली तीस वर्षं चालू आहे. मागच्या भागात लिनक्सबद्दल बोलताना त्याचा ओझरता उल्लेख झाला होता. हा वाद सुरू झाला वेगावरून आणि येऊन पोहोचला विश्वासावर. कसा, ते आज नीट पाहू.

आधी दोन शब्द. माणसाने लिहिलेला, वाचता येणारा प्रोग्राम म्हणजे सोर्स कोड. हे धान्य समजा. कम्पायलर ही गिरणी. तिच्यातून बाहेर पडते ती बायनरी, म्हणजे पीठ. मशीनला पीठच लागतं. पण पिठाकडे बघून कुठलं धान्य किती होतं, हे सांगणं फार अवघड.

धान्यच मिळायचं तेव्हा

१९७० च्या दशकात बेल लॅब्समधून युनिक्स विद्यापीठांकडे जायचं ते चुंबकीय टेपवर, सोर्स कोडसकट. आजही सोर्स कोडचा गठ्ठा ज्या 'टार' फाइलमध्ये येतो, तिचं नाव 'टेप आर्काइव्ह'वरूनच पडलं. पुढे युनिक्स तऱ्हेतऱ्हेच्या मशीनवर पोहोचलं. एका प्रोसेसरसाठी बनवलेली बायनरी दुसऱ्यावर चालत नसे. त्यामुळे प्रोग्राम दुसऱ्याला द्यायचा तर सोर्सच द्यायचा आणि ज्याने त्याने तो आपल्या मशीनवर कम्पाइल करायचा, हीच रीत होती. ते काम सोपं व्हावं म्हणून बेल लॅब्समधल्या स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये 'मेक' हे साधन लिहिलं. पुढे कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल ही तीन आज्ञांची माळ अनेक पिढ्यांना तोंडपाठ झाली.

यात एक मोठी कटकट होती. प्रोग्राम अ ला लायब्ररी ब लागायची, ब ला क, आणि क ची आवृत्ती तुमच्याकडे जुनी. तिसऱ्या-चौथ्या एरर मेसेजला संध्याकाळ संपायची.

पाकिटं आली

१९९१ मध्ये लिनक्स आलं. त्यानंतर दोन वर्षांत, १९९३ च्या ऑगस्टमध्ये, इयन मर्डॉक यांनी डेबियनची घोषणा केली. डेबियनने कामाची वाटणी केली. प्रत्येक पॅकेजला एक सांभाळकर्ता. त्याने सोर्स घ्यायचा, तपासायचा, कम्पाइल करायचा आणि हे पॅकेज आणखी कोणावर अवलंबून आहे हेही त्यावर लिहून ठेवायचं. रेड हॅटने 'आरपीएम' हा आपला पॅकेजचा प्रकार आणला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस डेबियनचं 'एपीटी' आलं आणि एका आज्ञेत हवं ते पॅकेज, त्याच्या सगळ्या गोतावळ्यासकट, बसू लागलं.

भारतात याचं महत्त्व आणखी होतं. तिथे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, तेही डायल-अपवर. फोनच्या लाइनवरून शेकडो एमबी उतरवणं हे स्वप्नच होतं. त्यामुळे संगणकविषयक मासिकांसोबत येणाऱ्या सीडीवरची तयार पॅकेजेस हाच अनेकांचा लिनक्सशी पहिला परिचय. तुमच्या आई-बाबांपैकी कोणी त्या काळात इंजिनिअरिंग केलं असेल तर विचारून बघा. एखादी सीडी अजून माळ्यावर असेल.

जेंटूची हौस

मग तयार पाकीट इतकं सोयीचं असताना २००२ मध्ये कोणी उलट दिशेला का निघालं असेल? त्या वर्षी डॅनियल रॉबिन्स यांच्या जेंटूची १.० आवृत्ती आली. नाव एका वेगाने पोहणाऱ्या पेंग्विनचं. जेंटूत बहुतेक सगळं तुमच्याच मशीनवर कम्पाइल व्हायचं. 'पोर्टेज' नावाची त्याची यंत्रणा फ्रीबीएसडीच्या 'पोर्ट्स'वरून सुचलेली होती.

कारणं दोन होती. पहिलं वेगाचं. तेव्हाची अनेक तयार पॅकेजेस जुन्यात जुन्या ३८६ प्रोसेसरवरही चालावीत अशा बेताने बनवलेली असत. तुमच्याकडे नवा पेंटियम किंवा अ‍ॅथलॉन असेल, तर त्याच्या खास क्षमता वापरल्याच जात नसत. दुसरं कारण निवडीचं. जेंटूत 'यूज फ्लॅग' असतात. प्रिंटर नाही? मग छपाईचा आधार काढून टाका. अमुक डेस्कटॉप नको? त्याच्यासाठीचे भाग कम्पाइलच करू नका. पॅकेज बनवणाऱ्याला सगळ्यांचा विचार करून सगळंच घालावं लागतं. तुम्हाला फक्त स्वतःचा करायचा असतो.

याची किंमत वेळात मोजावी लागे. आमच्यातल्या एकाने विद्यार्थीदशेत जुन्या लॅपटॉपवर जेंटू बसवलं होतं. ओपनऑफिस कम्पाइल करायला लावून तो झोपला. सकाळी उठला तेव्हा पंखा घोंघावतच होता. आणि खरं सांगायचं तर, एवढं करून मिळालेला वेग रोजच्या कामात त्याला कधी जाणवला नाही. पुढे ६४ बिटचे प्रोसेसर आले. त्यांच्यासाठीची तयार पॅकेजेस मुळातच नव्या क्षमता गृहीत धरून बनू लागली, आणि वेगाचा मुद्दा बराचसा निकालात निघाला.

मग विश्वासाचं काय?

आता घरच्या दळणाची बाजू घेणारा म्हणेल, वेग सोडा, निदान आत काय आहे ते तरी कळतं. त्याच्या हातात एक भक्कम पुरावा आहे. २००६ मध्ये डेबियनमध्ये ओपनएसएसएल या सुरक्षेच्या लायब्ररीचं पॅकेज बनवताना, तपासणीच्या साधनाने तक्रार केली म्हणून कोडमधल्या काही ओळी काढल्या गेल्या. हेतू चांगला होता. पण त्यामुळे गुप्त किल्ल्या बनवण्यासाठी लागणारा यादृच्छिकपणा जवळजवळ नाहीसा झाला. एका प्रकारच्या आणि आकाराच्या किल्लीसाठी जेमतेम ३२,७६८ शक्यता उरल्या. हे उघड झालं मे २००८ मध्ये. तोवर डेबियन आणि त्यावर आधारलेल्या उबुंटूच्या असंख्य मशीनवर कच्च्या किल्ल्या बनल्या होत्या. मूळ सोर्स घेऊन स्वतः कम्पाइल करणारे मात्र यातून सुटले.

पण थांबा. दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरच्या लक्षात आलं की दूरच्या मशीनवर लॉगिन व्हायला जवळपास अर्धा सेकंद जास्त लागतोय. तो खोलात शिरला आणि 'एक्सझेड' या दाबणी करणाऱ्या साधनात चोरवाट सापडली. 'जिया टान' हे नाव लावणाऱ्या कोणीतरी दोनेक वर्षं मदत करत करत प्रकल्पात विश्वास कमावला होता. आणि गंमत बघा: ती चोरवाट जागी करणारा भाग सगळ्यांसमोर असलेल्या कोडच्या भांडारात नव्हताच. तो होता फक्त प्रसिद्ध केलेल्या टार गठ्ठ्यात. म्हणजे 'सोर्स' म्हणून हातात आलेलं धान्यच भेसळीचं होतं. लाखो ओळी कोणी निवडत बसत नाही. कम्पाइल करणं म्हणजे वाचणं नव्हे.

आणि समजा सगळा सोर्स वाचलाच, तर? केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात याचं उत्तर देऊन ठेवलं होतं. कम्पायलरमध्येच असा बदल करता येतो की लॉगिनचा प्रोग्राम समोर आला की त्यात तो गुपचूप चोरवाट घालेल, आणि स्वतः कम्पायलरचाच सोर्स समोर आला की त्यात हीच युक्ती पुन्हा घालेल. मग सोर्समधून तो बदल पुसून टाका. धान्य स्वच्छ, तरी पीठ बाधलेलं. उपवासाच्या भाजणीचं दळण असलं की गिरणीवाल्याला आधी सांगावं लागतं, नाहीतर आधीच्या कोणाच्या तरी गव्हाचं पीठ त्यात उतरतं. थॉम्प्सन नेमकं त्या गिरणीबद्दलच बोलत होते.

दोन्ही पक्ष जिथे भेटतात

२०१३ पासून डेबियनमध्ये एक काम पद्धतशीर सुरू झालं. कल्पना साधी आहे: एकच सोर्स दोन अनोळखी माणसांनी वेगवेगळ्या मशीनवर कम्पाइल केला, तर बायनरी अगदी बिट न् बिट सारखी यायला हवी. सुरुवातीला ती यायची नाही, कारण कम्पाइल केल्याची तारीख-वेळ, फोल्डरचा पत्ता असल्या गोष्टी बायनरीत शिरत. त्या एकेक करून काढाव्या लागल्या. आता तयार पॅकेज घेणाऱ्याला स्वतः कम्पाइल करायची गरज नाही. दुसऱ्या कोणीतरी करून ताडून पाहिलं तरी लबाडी उघडी पडते.

गिरणीच्या प्रश्नावरही काम झालं. २०२३ मध्ये ग्विक्स प्रकल्पाने आपली सगळी प्रणाली अवघ्या ३५७ बाइटच्या बीजापासून पायरीपायरीने उभी करून दाखवली. ३५७ बाइट म्हणजे किती? तुम्ही मराठीत मेसेज पाठवता तेव्हा यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे साधारण ११९ चिन्हं, दोन-तीन ओळींचा निरोप. एवढं माणूस बसून खरोखर तपासू शकतो.

त्याच २०२३ च्या डिसेंबरात जेंटूने आपण तयार बायनरी पॅकेजेसही देणार असल्याचं जाहीर केलं. काहींना तो पराभव वाटला. आम्हाला वाटत नाही. मुळात शाळेत तुम्हाला क्रोमबुक मिळालं असेल, तर त्यातली प्रणाली गूगल जेंटूच्याच पोर्टेजने बांधतं. तुम्हाला मिळालं बंद पाकीट, पण ते बांधलं गेलं हौशी कम्पाइलवाल्यांच्या अवजारांनी.

आमचं म्हणाल तर आम्ही रोजच्या कामाला तयार पॅकेजच वापरतो. पण एखाद्या सुट्टीत एक छोटा प्रोग्राम सोर्सपासून कम्पाइल करून बघाच. एरर येतील, चिडचिड होईल. मग पुढच्या वेळी एका आज्ञेत पॅकेज बसेल तेव्हा तुम्हाला ठाऊक असेल की त्यामागे कोणीतरी नावगाव असलेल्या माणसाने हे दळण आणलंय, आणि त्याला जाब विचारायची सोय राहिली पाहिजे.