पडणाऱ्याचं जॅकेट

काळ्या चामड्याचं, छातीवर तिरकी चेन असलेलं जॅकेट पाहिलं की कुणालाही मोटरसायकल आठवते. पण ते जॅकेट पहिल्यांदा शिवलं गेलं तेव्हा त्याच्याकडून अपेक्षा अगदी साध्या होत्या. वारा आत शिरू नये, थंडी वाजू नये आणि रोजच्या वापरात ते टिकावं, एवढंच. स्वार पडला तर त्याची कातडी आणि हाडं कपड्यानं वाचवावीत, हा विचार दुकानापर्यंत यायला पुढं निदान पन्नास वर्षं गेली. आज नवा स्वार दुकानात गोंधळतो त्याचं मूळ इथंच आहे. हँगरवर एका ओळीत लटकलेली जॅकेटं दिसायला भावंडं असली, तरी एक वाऱ्यासाठी जन्मलं, एक पावसासाठी, एक सिनेमानं मोठं केलं आणि एखादंच पडणाऱ्यासाठी बनलं.

सुरुवात न्यूयॉर्कमधली. लोअर ईस्ट साइड भागात अर्विंग आणि जॅक शॉट या भावांनी 1913 मध्ये रेनकोट शिवायला घेतले. तळघरात शिलाई आणि दारोदार विक्री, असा तो धंदा होता. 1928 मध्ये अर्विंगनं खास मोटरसायकलवाल्यांसाठी चामड्याचं जॅकेट काढलं आणि आपल्या आवडत्या सिगारचं ‘परफेक्टो’ हे नाव त्याला देऊन टाकलं. लाँग आयलंडमधल्या हार्ले-डेव्हिडसनच्या विक्रेत्याकडं ते साडेपाच डॉलरला मिळे. त्यातली चेन हीसुद्धा तेव्हा नवलाईच होती. गिडियन सुंडबॅकला आजच्या धर्तीच्या चेनचं पेटंट 1917 मध्ये मिळालं होतं, आणि ती लोकांच्या ओळखीची झाली ती गुडरिच कंपनीच्या रबरी बुटांमुळं, 1923 नंतर.

या जॅकेटला पुढं जे ओळखीचं रूप आलं, ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. चेन तिरकी असल्यानं छातीवर चामड्याचे दोन पदर एकमेकांवर येतात आणि वारा थेट आत घुसत नाही. टाकीवर ओणवं झालं की मधोमध असलेली सरळ चेन दुमडून वर येते आणि गळ्याला टोचते. तिरकी चेन बाजूला सरकते. कॉलरची टोकं टिचबटणांनी खाली दाबलेली असतात, नाहीतर वेगात ती गालावर फडाफडा आपटत राहतात. मनगटाला चेन, कारण बाहीतून शिरलेला वारा थेट काखेपर्यंत पोचतो. कमरेला पट्टाही त्याच कारणानं. म्हणजे ज्याला आज आपण नखरा समजतो, त्यातली बहुतेक प्रत्येक गोष्ट कुणातरी गारठलेल्या माणसाच्या तक्रारीतून आलेली आहे. रस्त्यावर घसरल्यावर काय, याचं वेगळं उत्तर मात्र त्यात कुठंच नाही. कोपरावर, खांद्यावर, पाठीवर सगळीकडं तेच चामडं आणि तेच अस्तर.

इंग्लंडची अडचण निराळी होती: पाऊस. तिथं चामड्याच्या बरोबरीनं मेण चढवलेलं सुती कापड चाललं. स्टोक-ऑन-ट्रेंटमधल्या लाँगटनमध्ये 1924 मध्ये सुरू झालेली बेलस्टाफ आणि साउथ शील्ड्स या बंदराच्या गावात 1894 पासून खलाशी व कोळ्यांना पावसाळी कपडे विकणारी बार्बर, ही त्यातली दोन मोठी नावं. डंकन बार्बर स्वतः मोटरसायकलवेडा. त्यानं 1936 मध्ये ‘इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल’ या सहा दिवसांच्या खडतर स्पर्धेसाठी जॅकेट काढलं. त्याच्या छातीवरचा डावा खिसा तिरका शिवलेला आहे, तो गाडीवर बसल्या-बसल्या नकाशा काढता आणि ठेवता यावा म्हणून. 1964 मध्ये पूर्व जर्मनीत याच स्पर्धेत हॉलिवूडचा नट स्टीव्ह मॅक्वीन उतरला तो बार्बर घालून. त्यानंतर हे जॅकेट असे कितीतरी लोक वापरू लागले, ज्यांचा चिखलाशी कधी संबंध आला नाही.

सिनेमानं त्याआधीच परफेक्टोचं नशीब पालटलं होतं. जुलै 1947 मध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावात मोटरसायकलवाल्यांच्या मेळाव्यात धुडगूस झाला आणि वर्तमानपत्रांनी तो आणखी फुगवला. त्या घटनेवरून सुचलेल्या एका कथेवर 1953 मध्ये ‘द वाइल्ड वन’ आला. मार्लन ब्रँडो त्यात काळं जॅकेट घालून टोळीचा म्होरक्या झाला. ब्रिटनच्या सेन्सॉरनं हा चित्रपट तेरा-एक वर्षं अडवून धरला. अमेरिकेत काही शाळांनी अशा जॅकेटांवर बंदी घातली. बंदी आली म्हटल्यावर पोरांना ते हवंच झालं, हे वेगळं सांगायला नको. लंडनमध्ये नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरच्या एस कॅफेपाशी जमणारे मोटरसायकलवेडे तरुण, ‘रॉकर्स’ही चामड्यातच वावरत. कपडा आता बंडखोरीची खूण झाला, आणि तो कसा दिसतो याला तो काय करतो यापेक्षा जास्त भाव आला. नव्या स्वारांची पहिली खरेदी आजही बहुधा याच मोहातून होते.

या सगळ्या काळात डोक्याचा विचार मात्र बराच पुढं गेला होता. मे 1935 मध्ये टी. ई. लॉरेन्स, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’, आपल्या ब्रफ सुपिरियर मोटरसायकलवरून पडून गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हा मेंदूचा शल्यविशारद होता. त्यानं मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा पाठपुरावा केला आणि 1941 मध्ये हेल्मेटच्या बाजूनं वैद्यकीय पुरावा मांडला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्करानं आपल्या निरोप्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. जॅकेटाला असा कोणी केर्न्स लवकर भेटला नाही.

ते काम शर्यतीच्या मैदानानं केलं. 1975 मध्ये अमेरिकेतल्या डेटोनाच्या ट्रॅकवर सराव करताना शर्यतपटू बॅरी शीनचं मागचं टायर गेलं, तेही ताशी सुमारे 280 किलोमीटरच्या वेगात. मांडी, हात, गळपट्टीचं हाड, सगळं मोडलं. गडी सात आठवड्यांत पुन्हा गाडीवर बसला! पाठीचा कणा वाचवायला काहीतरी हवं म्हणून आपण हेल्मेटच्या जुन्या काचा एकावर एक रचल्या, असं शीन सांगत असे. त्या एका बाजूला वाकत, उलट्या बाजूला नाही. हा नमुना त्यानं इटलीच्या लिनो दाइनेझेला दिला. दाइनेझेनं 1972 मध्ये व्हिचेंझा भागातल्या मोल्वेना गावात धंदा थाटला होता. 1970 च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या कंपनीनं पाठीचं कवच बाजारात आणलं. त्याची रचना शेवंडीच्या पाठीवरून सुचलेली. कोकणात ज्यानं शेवंड सोलली आहे, त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही: पट्टीवर पट्टी, आतल्या बाजूला सहज वळणारी आणि बाहेरून टणक.

1981 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये हॅरी हर्टच्या चमूनं सुमारे 900 अपघात जागेवर जाऊन तपासून अहवाल दिला. जड जॅकेट, बूट आणि हातमोजे खरचटणं-सोलवटणं कमी करतात, पण जीव वाचवण्याचं काम हेल्मेटचं, असा त्याचा सूर होता. जॅकेटाचं काम त्यामुळं छोटं ठरत नाही. डांबरावर घासून निघालेल्या कोपराची रोज मलमपट्टी ज्यानं केली आहे, त्याला हे ठाऊक असतं. याच सुमारास चामड्याला पर्यायही मिळाला. अमेरिकेतल्या डुलुथ गावी अँडी गोल्डफाइननं 1983 मध्ये एरोस्टिच ही कंपनी सुरू केली आणि कॉर्ड्युरा नायलॉनचा, जलरोधक, ऑफिसच्या कपड्यांवर चढवता येणारा अंगरखा विकायला काढला.

मग आलं युरोपचं मोजमाप. 1997 मध्ये कोपर, खांदे, गुडघे यांच्या कवचांसाठी ‘ईएन 1621-1’ हे मानक आलं. 50 जूल ऊर्जेचा दणका द्यायचा आणि पलीकडं किती बल पोचतं ते मोजायचं: आजच्या आवृत्तीत पहिल्या पातळीला सरासरी 35 किलोन्यूटनपर्यंत, दुसऱ्याला 20 पर्यंत. पण चांगलं कवच फाटक्या कपड्यात बसवून काय उपयोग? ऑस्ट्रेलियात लिझ डी रोम आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये छापलेल्या अभ्यासात अपघातातून आलेली जवळपास 30 टक्के मोटरसायकल जॅकेटं भोक पडलेली निघाली. 2020 च्या ‘ईएन 17092’ मध्ये म्हणूनच अख्खा कपडा तपासतात. नमुना यंत्रावर फिरवून काँक्रीटवर टाकतात आणि थांबेपर्यंत घासू देतात. सर्वाधिक धोक्याच्या जागी ‘एएए’ वर्गाला ताशी 120 किलोमीटर, ‘एए’ला 70 आणि ‘ए’ला 45 एवढ्या वेगाची कसोटी असते. ‘बी’ वर्गात घासण्याची कसोटी ‘ए’चीच, पण कवचाची अट नाही, ‘सी’ म्हणजे नुसती कवचं धरून ठेवणारा कपडा. शर्यतीत तर गोष्ट हवेच्या पिशवीपर्यंत गेली आहे. 2018 पासून मोटोजीपीमध्ये एअरबॅग असलेल्या सूटशिवाय उतरताच येत नाही.

आपल्याकडं 1955 पासून मद्रासेत बुलेट जुळू लागली, पण स्वाराचा पोशाख विंडचीटर, कानटोपी आणि घाटातल्या थंडीत स्वेटरखाली वर्तमानपत्राची घडी, इथंच कितीतरी वर्षं अडकून राहिला. चामडं आपल्या उन्हाळ्यात अंगावर ठेवणं म्हणजे शिक्षाच. जाळीच्या कापडाची, आत पावसाळी अस्तर लावता येणारी जॅकेटं आली, मुंबईच्या रायनॉक्ससारख्या देशी कंपन्या उभ्या राहिल्या, तेव्हा कुठं लेह-लडाखला न जाणारा माणूसही जॅकेट घेऊ लागला. कायदा मात्र डोक्यावरच थांबतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं 129 वं कलम फक्त हेल्मेट मागतं, आणि तेवढ्यावरही पुण्यात जानेवारी 2019 मध्ये सक्तीविरोधी मोर्चा निघाला होता.

तेव्हा पहिलं जॅकेट घेताना रंग नंतर बघा, आधी आतलं लेबल शोधा. कोपरातलं कवच काढून त्यावर ‘1621’ दिसलं म्हणजे फक्त ते कवच तपासलेलं आहे. अख्ख्या जॅकेटाची खात्री हवी असेल तर शिवलेल्या लेबलावर ‘17092’ आणि त्यापुढं अक्षरं असायला हवीत. ती नसतील आणि दुकानदार युरोपीय खुणेचं नाव घेऊन नुसतं ‘सीई आहे, सीई आहे’ म्हणत असेल, तर दुसरं दुकान गाठा. जॅकेट घालून दुकानातल्या गाडीवर बसा, हँडल धरा आणि कोपरातलं कवच जागचं हलतं का ते पाहा. ते सरकत असेल, तर एक माप लहान मागा.