बोरू ते जेल: परीक्षेच्या पेनाची गोष्ट

गेल्या शनिवारी लेकीबरोबर स्टेशनरीच्या दुकानात गेलो होतो. येत्या मार्चमध्ये तिची दहावी. दुकानदाराने काउंटरवर पंधरा-वीस पेनं मांडली आणि लेक म्हणाली, "बाबा, यातलं कुठलं घेऊ?" दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या माणसाला हा प्रश्न! मग काय, अख्खा रविवार त्यातच गेला. आणि लक्षात आलं की प्रत्येक पिढीने हा प्रश्न नव्याने सोडवलाय.

सुरुवात अगदी पहिल्यापासून करू. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ साली आणि त्याची पहिली मॅट्रिक झाली १८५९ मध्ये. महादेव गोविंद रानडे आणि रा. गो. भांडारकर त्याच पहिल्या तुकडीतले. तेव्हा खिशात ठेवून न्यावं असं पेन बाजारात मिळतच नव्हतं. आपल्याकडे बोरू होता, आणि इंग्रजीसाठी बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून येणाऱ्या पोलादी निबा. बोरूचं टोक तिरकं छाटलेलं असतं, त्यामुळे देवनागरी अक्षराला आपोआप जाड-बारीक वळण मिळतं. पण दर चार शब्दांनी दौतीत बुडवायचं, टीपकागद जवळ ठेवायचा. म्हणजे लिहिणाऱ्याचा वेग दौत ठरवणार.

वॉटरमनने अमेरिकेत १८८४ साली फाउंटन पेनाचं पेटंट घेतलं आणि ही कटकट संपायला सुरुवात झाली. त्याआधीही पोटात शाई भरायची पेनं होती, पण ती एकतर गळायची नाहीतर अडायची. खरी मेख होती निबेखालच्या जिभेत. तिच्यातल्या बारीक खाचांमधून शाई खाली येते आणि तेवढीच हवा वर जाते. शाई केशाकर्षणाने कागदावर उतरते, त्यामुळे हाताला जोर लावावा लागत नाही. तीन तास लिहायचं असेल तर ही फार मोठी गोष्ट.

आपल्याकडचा धागा म्हणजे दांडेकर बंधू. १९३१ साली त्यांनी मुंबईत 'हॉर्स ब्रँड' नावाने शाईची पूड आणि गोळ्या विकायला सुरुवात केली. पाण्यात विरघळवली की शाई तयार! पुढे याच धंद्याची कॅमलिन झाली आणि कॅमलची दौत घरोघरी पोचली. (२०११ मध्ये या कंपनीतला मोठा वाटा जपानच्या कोकुयोने घेतला.) शाई सांडली की त्यावर खडू ठेवून टिपणारी शेवटची पिढी बहुतेक आमचीच.

आता बॉलपेन. जॉन लाउडने त्याचं पेटंट १८८८ सालीच घेतलं होतं, पण ते चामड्यासारख्या खरखरीत पृष्ठभागावर खुणा करण्यासाठी. कागदावर ते काही जमलं नाही. ते जमवलं लास्लो बिरो या हंगेरियन पत्रकाराने. छापखान्याची शाई पटकन वाळते, पुसट होत नाही, हे त्याने पाहिलं होतं. पण ती इतकी घट्ट की निबेतून उतरेना. मग टोकाला फिरती गोळी. त्याचा भाऊ केमिस्ट, त्याने शाईवर काम केलं. १९३८ मध्ये पेटंट, मग युद्धामुळे अर्जेंटिनात स्थलांतर. उंचावर हवेचा दाब कमी झाला की फाउंटन पेन गळायचं, म्हणून ब्रिटिश हवाई दलाने ही पेनं उचलली. १९५० मध्ये फ्रान्सच्या मार्सेल बिकने ते इतकं स्वस्त केलं की पेन ही टाकून द्यायची वस्तू झाली. आपल्याकडच्या पांढऱ्या-निळ्या रेनॉल्ड्सवर 'फाइन कार्ब्युर' लिहिलेलं असायचं, आठवतंय? तो कार्बाइडसाठीचा फ्रेंच शब्द. टोकाची गोळी टंगस्टन कार्बाइडची असते.

आमच्या शाळेत नववीपर्यंत बॉलपेनला बंदी. "अक्षर बिघडतं" हे सरांचं ठरलेलं वाक्य. तेव्हा हा जुनाट हट्ट वाटायचा. आज वाटतं, सर निम्मे बरोबर होते. गोळी कुठल्याही दिशेने सारखीच रेघ काढते, म्हणून जाड-बारीक वळण जातं, आणि घट्ट शाई उतरवायला दाबावं लागतं, म्हणून बोटं दुखतात. पण बॉलपेनचं अक्षर घामाने फिसकटत नाही, हे सर कधी बोलले नाहीत :)

१९९० च्या मार्चमध्ये माझी दहावी. मामाने आदल्या दिवशी चकचकीत बॉलपेन दिलं, मी हौसेने तेच एकटं घेऊन गेलो. बीजगणिताच्या पेपरला पाऊण तासात ते थांबलं. झटकलं, रिफिल तळहातांमध्ये घासली (ऊब मिळाली की घट्ट शाई जरा पातळ होते), काही उपयोग नाही. हात थरथरायला लागले. सुपरव्हिजनच्या बाईंनी काही न बोलता पर्समधून स्वतःचं शाईचं पेन काढून बाकावर ठेवलं. वर्षभराच्या सवयीचं वजन हातात आलं आणि पेपर पूर्ण झाला.

मग आले जेलवाले. जपानच्या साकुरा कंपनीने १९८४ मध्ये ही शाई आणली. सॉस घट्ट करायला वापरतात तो झँथन गम त्यात होता. ही शाई स्थिर असताना घट्ट आणि गोळी फिरली की पातळ. म्हणजे शाईच्या पेनाचा हलकेपणा आणि बॉलपेनची सोय. पण बहुतेक जेल शाई पाण्यातली, वाळायला क्षणभर घेते. डावखुऱ्यांनी जपून. आणि ओएमआर पत्रिकेला बॉलपेनच.

तर लेकीला काय सांगितलं? कुठलं पेन चांगलं, हा प्रश्नच अर्धा आहे. शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर नवीन कोड टाकू नये, तसं परीक्षेला नवीन पेन नेऊ नये. आत्ताच एक निवड, त्यानेच घड्याळ लावून तीन-तीन तासांचे पेपर सोडव, आणि त्याच जातीची चार पेनं घे.

"तीन पुरतील की, बाबा."

पुरतील. पण बाईंचं ते पेन परत करायचं राहिलं, ते अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. चौथं शेजारच्या बाकासाठी.