टेनिसच्या अंगणात पिकलबॉल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या वर्षी आमच्या क्लबात एक अर्ज फिरत होता. चार टेनिस कोर्टांपैकी एक मोडून तिथे पिकलबॉलची सोय करायची, असे कमिटीने ठरवले होते आणि त्याला हरकत घेणारा हा अर्ज होता. त्यावरची तिसरी सही माझी. ज्या कोर्टावर चाळीस वर्षे सकाळी सहाला हजर राहिलो, तिथे आता कुणी प्लास्टिकचा भोकाभोकांचा चेंडू टकटक वाजवणार, ही कल्पनाच सहन होईना. सही करून घरी आलो आणि मनात आले, ज्याला आपण विरोध केला तो खेळ आला तरी कुठून? शोधू लागलो, तेव्हा जे हाती लागले ते तुम्हाला सांगतो.

गोष्ट १९६५ च्या उन्हाळ्यातली. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सिअ‍ॅटलजवळच्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड यांचे सुट्टीचे घर होते. हे गृहस्थ राजकारणातले. पुढे अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले, राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नरही झाले. एके दिवशी ते आणि त्यांचे मित्र बिल बेल घरी परतले, तर मुले कंटाळून बसलेली. आवारात बॅडमिंटनचे जुने कोर्ट होते, पण पुरते सामान सापडेना. मग टेबल टेनिसच्या बॅटी आणि छिद्रांचा हलका प्लास्टिकचा चेंडू घेऊन खेळ सुरू झाला. चेंडू टप्पा घेऊन बरा उसळतो हे ध्यानात येताच पाच फुटांवरचे जाळे तीन फुटांवर आले. बार्नी मॅकलम या तिसऱ्या मित्राने प्लायवूडच्या बॅटी कापून दिल्या. नियम बसवताना हेतू एकच होता, घरातल्या लहानथोरांना एकत्र खेळता यावे.

नावाविषयी दोन कथा आहेत. एक म्हणते, प्रिचर्डांच्या 'पिकल्स' नावाच्या कुत्र्यावरून ते पडले. दुसरी म्हणते, नौकाशर्यतीत उरलेसुरले वल्हेकरी जमवून जी नाव सोडतात तिला 'पिकल बोट' म्हणतात, त्यावरून जोएल यांच्या पत्नी जोन यांनी ते सुचवले. कुत्रा नंतर घरी आला, असे कुटुंबीय सांगतात. उरल्यासुरल्या सामानातून झालेल्या खेळाला दुसरी कथाच शोभते.

मला खरे नवल वाटले ते मोजमापाचे. पिकलबॉलचे कोर्ट ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद. बॅडमिंटनच्या दुहेरीचे कोर्टही तंतोतंत तेवढेच. आणि बॅडमिंटनचा इतिहास आपल्याला परका नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज लष्करी अधिकारी तो पुण्यात खेळत, इतका की त्याला 'पूना' या नावानेही ओळखत. मापे पुढे इंग्लंडात पक्की झाली हे खरे. पण ज्याला मी उपरा समजत होतो, त्याच्या आजोळचा एक धागा आमच्याच लष्कर भागातून गेला होता!

टेनिसचे दुहेरीचे कोर्ट ७८ फूट बाय ३६ फूट. मोकळी जागा धरून त्यावर पिकलबॉलची चार कोर्टे आखता येतात. जिथे चौघे खेळत तिथे सोळा जण मावतात. कमिट्यांना हा हिशेब चटकन कळतो. शिवाय सर्व्हिस साधारणपणे कमरेखालून करायची आणि जाळ्यालगतच्या सात फुटांच्या पट्ट्यात उभे राहून टप्पा न पडलेला चेंडू मारायचा नाही. या पट्ट्याला खेळाडू 'किचन' म्हणतात. या दोन नियमांनी उंच आणि दांडग्या खेळाडूची धार बोथट होते आणि साठीचा माणूस विशीतल्या मुलासमोर टिकतो.

तरी हा खेळ बरीच वर्षे कोपऱ्यातच राहिला. खरी लाट आली कोरोनानंतर. अमेरिकेतील क्रीडासाहित्य उद्योगाच्या संघटनेच्या पाहणीनुसार २०१९ मध्ये तिथे सुमारे ३५ लाख लोक पिकलबॉल खेळत. २०२४ मध्ये हा आकडा दोन कोटींच्या घरात गेला. मग भांडणे आली. कडक बॅट आणि कडक चेंडू यांच्या आवाजाने शेजारी हैराण झाले. खेळाच्या कोर्टाचे तंटे न्यायालयाच्या कोर्टात गेले. सार्वजनिक टेनिस कोर्टांवर नव्या रेघा उमटू लागल्या. जुलै २०२४ मध्ये खुद्द नोव्हाक जोकोविचने विम्बल्डनमध्ये इशारा दिला की, वेळीच काही केले नाही तर टेनिस क्लबांची रूपांतरे पॅडल आणि पिकलबॉलमध्ये होतील.

विम्बल्डनचे नाव आले म्हणून सांगतो. हा क्लब १८६८ मध्ये स्थापन झाला तो टेनिससाठी नव्हे, क्रोकेसाठी. लाकडी हातोड्याने कमानींतून चेंडू काढायचा तो खेळ. १८७५ मध्ये त्यांनी हिरवळीचा एक तुकडा टेनिस या नव्या खेळाला दिला. १८७७ मध्ये पहिली स्पर्धा झाली, बावीस जण उतरले, स्पेन्सर गोर जिंकला. १८८२ पर्यंत क्लबाच्या नावातून क्रोके हा शब्दच गळाला! १८९९ मध्ये तो परत आला, पण टेनिसच्या मागे. तेव्हाच्या क्रोकेवाल्यांनीही एखाद्या अर्जावर सह्या केल्या असतील का, असे मला वाटून गेले.

मात्र टेनिसचा क्रोके होईल असे आकडे सांगत नाहीत. त्याच पाहणीत अमेरिकेतले टेनिसपटू २०१९ मधील पावणेदोन कोटींवरून २०२४ मध्ये अडीच कोटींच्या वर गेलेले दिसतात. भांडण आहे ते जमिनीचे. आपल्याकडे तर अधिकच. मुंबईच्या सुनील वालावलकरांनी हा खेळ इथे रुजवायला घेतला, २००८ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली. आज शहरांत गच्च्यांवरही कोर्टे आखली जात आहेत. पण एकाची जागा काढून दुसऱ्याला देणे म्हणजे खेळ वाढवणे नव्हे. नवे मैदान मागायला हवे. ते सोडून आपण एकमेकांच्या रेघा पुसत बसतो.

आमचा अर्ज नामंजूर झाला. कोर्ट बदलले. पहिल्याच आठवड्यात तिथे माझा दुहेरीतला जुना जोडीदार दिसला. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्याने रॅकेट भिंतीला टांगली होती. सहा वर्षे तो क्लबात फक्त चहाला यायचा. अर्जावरची दुसरी सही त्याचीच होती.

"अरे, तू इथे?" मी विचारले.

"सही केली तेव्हा खेळून पाहिले नव्हते," तो म्हणाला.

मी अजून टेनिसच खेळतो. आवाजाची तक्रार आजही करतो आणि चौथ्या कोर्टाची हळहळही आहे. पण सकाळी खेळ संपल्यावर मी जाळीपलीकडे थांबतो. तो पुन्हा पूर्वीसारखा, पॉइंट गेला की स्वतःलाच मोठ्याने शिव्या देत असतो. सहा वर्षे तो आवाज क्लबात नव्हता.