मालक प्रथम मैदानावर आले तेव्हां

शनिवार, तारीख ३० ऑक्टोबर २०२१. वेल्स देशांत, इंग्लंडच्या सरहद्दीपासून जवळच असलेल्या रेक्सम या गांवीं त्या दुपारीं फुटबॉलचा एक सामना झाला. सामना तसा मामुलीच. इंग्लंडांतील फुटबॉलची जी उतरंड आहे तींत वरून पांचव्या पायरीवर असलेले दोन संघ, रेक्सम आणि डेव्हनच्या समुद्रकांठचा टॉर्की युनायटेड, एकमेकांविरुद्ध खेळले आणि एकेक गोल होऊन सामना बरोबरींत सुटला. अशा सामन्याची वार्ता एरव्हीं गांवच्या शिवेबाहेर जावयाची नाहीं. ही मात्र अटलांटिकपलीकडे गेली; कारण क्लबचे दोघे नवे मालक त्या दिवशीं आपला संघ आपल्या मैदानावर खेळतांना प्रथमच पाहत होते.

हे मालक म्हणजे रायन रेनल्ड्स हे कॅनडांत जन्मलेले सिनेनट आणि रॉब मॅकेल्हेनी हे फिलाडेल्फियाचे नट व लेखक. (मॅकेल्हेनी यांनीं २०२५ सालीं आपलें आडनांव आंखूड करून नुसतें मॅक असें केलें, आपण जुनेंच वापरूं.) फेब्रुवारी २०२१ मध्यें क्लब त्यांच्या नांवें झाला आणि तो त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला ऑक्टोबरअखेर. मुलगी न पाहतां सोयरीक जुळविण्याची चाल आपल्याकडे एके काळीं होती. पण बैल न पाहतां बाजारांत पैसे मोजणारा शेतकरी मला तरी माहीत नाहीं. चार दिवसांपूर्वीं मेडनहेड येथें त्यांनीं आपल्या संघाचा पहिला सामना पाहिला, तो संघानें ३–२ असा गमावला होता. घरच्या मैदानावर बरोबरी झाली, हीच काय ती प्रगति.

मीं जन्मभर शाळेंत इतिहास शिकविला. फुटबॉलमधलें मला फारसें कळतें असें नाहीं. ऑफसाइडचा नियम नातवानें तीनदां समजावून दिला, तरी तो अद्याप माझ्या डोक्यांत शिरलेला नाहीं. असें असूनहि या एका दुपारविषयीं बोलावेंसें वाटलें, याचें कारण निराळें आहे. क्लब विकत घेणारा मनुष्य नेमकें काय विकत घेतो, हा प्रश्न त्या दिवशीं त्या मैदानावर उभा होता. त्याचें उत्तर शोधावयाचें तर खेळाडूंकडे पाहून भागत नाहीं. त्यांच्या पायांखालच्या जमिनीकडे पाहावें लागतें.

त्या जमिनीचें नांव रेसकोर्स. पूर्वीं तेथें घोड्यांच्या शर्यती होत. १८६४ सालीं, म्हणजे आपल्याकडील सत्तावनच्या उठावाला सातच वर्षें उलटलीं असतां, गांवच्या क्रिकेट क्लबांतील मंडळी मैदानाच्या कडेला असलेल्या टर्फ हॉटेलांत जमली आणि हिंवाळ्यांत हातपाय हलवावयास कांहींतरी असावें म्हणून त्यांनीं फुटबॉलचा क्लब काढला. मुंबईची रोव्हर्स कप स्पर्धा सुरू झाली १८९१ सालीं. यावरून हा क्लब किती जुना हें ध्यानांत येईल. मार्च १८७७ मध्यें वेल्सनें स्वदेशांतील आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना याच मैदानावर स्कॉटलंडशीं खेळला व २–० असा गमावला. जेथें आजहि आंतरराष्ट्रीय सामने होतात अशा जगांतील मैदानांत हें सर्वांत जुनें.

परंतु वयानें मैदान मोठें होत नाहीं. रेक्समचा भोंवताल कोळशाचा आणि पोलादाचा. सन १९३४, सप्टेंबरची २२ तारीख, शनिवारची पहांट. दोनच्या सुमारास जवळच्या ग्रेसफर्ड खाणींत भूमिगत स्फोट झाला. आंत उतरलेले बचावाचे लोक धरून २६६ माणसें गेलीं. आग आणि विषारी वायु यांमुळें खाणीचें तोंडच बंद करावें लागलें. बाहेर आलीं तीं अवघीं अकरा प्रेतें, बाकीचे लोक अद्याप तेथेंच जमिनीखालीं आहेत. त्या दुपारीं रेसकोर्सवर ट्रॅनमिअर रोव्हर्सशीं सामना होता, आणि तो पाहावयास मोकळें राहावें म्हणून कित्येक खाणकामगारांनीं दुहेरी पाळी पत्करली होती किंवा दुसऱ्याशीं पाळी बदलून घेतली होती. वर्गांत मी मुलांकडून सनावळ्या घोकून घेत असें व त्याबद्दल मला कधीं पश्चात्ताप झाला नाहीं. पण ही हकीकत वाचली तेव्हां सन बाजूला राहिला आणि पाळी बदलून देणारा तो दुसरा मनुष्य मनांत बसला. तो घरीं झोंपला होता. पुढें आयुष्यभर तो सामन्यांना गेला असेल कीं नाहीं?

ज्या गांवांत खेळाचा आणि मरणाचा असा संबंध एकदां जडला, तेथें क्लब ही केवळ करमणुकीची बाब राहत नाहीं. ग्रेसफर्डची खाण १९७३ सालीं बंद झाली, ब्रिम्बोचा पोलादाचा कारखाना १९९० सालीं. कामें गेलीं, शनिवार तेवढा राहिला. १९९२ च्या जानेवारींत या क्लबनें, आदल्या हंगामांत चौथ्या श्रेणींत तळाला गेला असतांहि, इंग्लंडचा विजेता आर्सेनल याला चषकाच्या सामन्यांत २–१ असें हरविलें. रेक्समचे वृद्ध लोक ती गोष्ट आजहि काल घडल्यासारखी सांगत असतील, याविषयीं मला शंका नाहीं.

आतां मालकांकडे वळूं. कारण हे दोन नट कांहीं पहिले मालक नव्हेत. या शतकाच्या आरंभीं क्लब ज्यांच्या हातीं गेला त्यांना फुटबॉलपेक्षां जमिनीचा भाव अधिक समजत होता. गांवाच्या मध्यवस्तींतील ती मोकळी जागा विकसित केली तर किती पैसे येतील, हा हिशेब त्यांनीं मांडला आणि २००४ सालीं क्लबलाच वर्षभरांत मैदान सोडण्याची नोटीस दिली. ज्याचें घर त्यालाच बिऱ्हाडकरू ठरवावयाचें, असा हा न्याय. त्यांतच सरकारी कर थकलेला. डिसेंबर २००४ मध्यें कारभार प्रशासकाच्या हातीं गेला आणि नव्या नियमाप्रमाणें लीगनें संघाचे दहा गुण कापले. गंमत अशी कीं त्याच हंगामांत, एप्रिल २००५ मध्यें, याच संघानें कार्डिफला साउथएंडचा पराभव करून एक चषकहि जिंकला. आणि त्याच हंगामाच्या अखेरीस तो खालच्या श्रेणींत उतरला. शेवटीं पदरीं राहिले ४३ गुण. कापलेले दहा मिळवून पाहा: ५३ गुणांवर तो निश्चित तरला असता. खेळाडूंनीं मैदानावर मिळविलें तें मालकांच्या वहींत गमावलें गेलें. जमीन पुढें न्यायालयानें सोडवून दिली, पण घसरण थांबली नाहीं. १९२१ पासून ज्या फुटबॉल लीगमध्यें क्लब होता तिच्यांतून तो २००८ सालीं बाहेर पडला.

२०११ च्या ऑगस्टमध्यें अडीच लाख पौंडांची हमी भरल्याशिवाय संघाला खेळूं देणार नाहीं, असें वरून बजावण्यांत आलें. तेव्हां पाठिराख्यांनीं एका दिवसांत एक लाखाहून अधिक पौंड उभे केले. त्याच वर्षीं मैदान गांवच्या ग्लिंडूर विद्यापीठानें घेतलें आणि क्लब पाठिराख्यांच्या न्यासाकडे आला. पुढें जवळजवळ दहा वर्षें हा क्लब वर्गणीदारांनीं चालविला. देवळाचा कारभार गांवकरी पाहतात तसा: दिव्याला तेल पुरलें म्हणजे पावलें, सोन्याचा कळस चढवावयाचा कोठून? कर्ज फिटलें, संघ मात्र पांचव्या पायरीवरून हलला नाहीं.

अशा वेळीं ते दोन नट दारांत आले. मॅकेल्हेनी यांनीं संडरलंडच्या क्लबवरील एक चित्रमालिका पाहिली होती व त्यावरून एखादा पडका क्लब घेऊन उभा करावा असें त्यांच्या मनांत आलें होतें. वीस लाख पौंड घालूं, असें त्यांचें बोलणें. ही रक्कम सभासदांना मिळावयाची नव्हती, क्लबांत घालावयाची होती. क्लबचें नांव बदलणार नाहीं, गांव बदलणार नाहीं, आणि चेस्टरला नेहमीं हरवूं, असेंहि त्यांनीं कबूल केलें. चेस्टर हें सरहद्दीपलीकडचें शेजारी गांव. शेजाऱ्याचें वैर पाळण्याची हमी देणारे करारकर्ते पाहून मला हंसूं आलें, पण त्या हमीवरून ते घरचा अभ्यास करून आले होते एवढें दिसतें.

नोव्हेंबर २०२० मध्यें सभासदांनीं मतें दिलीं. बाजूनें १८०९, विरुद्ध २६, तटस्थ ९. या आंकड्यांवर मी पुष्कळ विचार केला आहे. दहा वर्षें पोटाला चिमटा घेऊन राखलेली वस्तु लोकांनीं दोन परक्यांच्या हातीं दिली, तीहि मोबदला न घेतां. आणि मागच्या मालकांचा चटका विसरण्यासारखा नसतां. आयत्या बिळावर नागोबा असें त्या सव्वीस जणांना वाटलें असेल तर मी त्यांना दोष देणार नाहीं. प्रथम वाचलें तेव्हां माझें मतहि त्या सव्वीसांतच पडलें असतें. पैसेवाल्याची हौस फिटली कीं तो उठून जातो, आणि मागें राहिलेल्यांना पुन्हां वर्गणीचा डबा फिरवावा लागतो, हें मीं आमच्याकडच्या व्यायामशाळांच्या बाबतींत पाहिलें आहे. परंतु दुसरी बाजूहि आहे. जें राखावयाचें तें नुसतें राखून जिवंत राहतें काय?

हा सर्व भार त्या ३० ऑक्टोबरच्या दुपारीं दोघा पाहुण्यांच्या आसनामागें होता. मी त्यांना पाहुणे म्हणतों, कारण कागदोपत्रीं मालक असले तरी त्या दिवशीं सर्वांत नवखे तेच होते. सामन्याआधीं ते टर्फमध्येंहि जाऊन आले होते. १८६४ मध्यें जेथें क्लब जन्मला तेंच तें स्थळ. त्यांच्या मागोमाग कॅमेरे होते, कारण या सगळ्याची चित्रमालिका निघावयाची होती व ती ऑगस्ट २०२२ मध्यें निघालीहि. म्हणून कोणी म्हणतील, हा सगळा देखावाच. असेलहि, पण कॅमेरे त्यांनीं लपविले नव्हते, आणि मागच्या मालकांच्या वेळीं कॅमेरे असते तर बरें झालें असतें असें रेक्समला वाटलें असेल. समोर मैदानाच्या एका टोकाला ‘कॉप’ नांवाची उभ्यानें पाहावयाची जुनी पायऱ्यांची बाजू होती. ती २००८ पासून बंद असल्यामुळें तीन बाजूंना माणसें आणि चौथ्या बाजूला ओसाड पायऱ्या, असें तें दृश्य. मालकांना जें विकत मिळालें होतें त्याचा हिशेब त्या रिकाम्या बाजूवरून चांगला होत होता.

पुढचें थोडक्यांत सांगतों. २०२२ मध्यें क्लबनें विद्यापीठाकडून मैदान परत विकत घेतलें. २२ एप्रिल २०२३ रोजीं बोरहम वुडला ३–१ असें हरवून संघ पंधरा वर्षांनीं लीगमध्यें परतला. २०२४ व २०२५ मध्यें आणखी एकेक पायरी चढला आणि चॅम्पियनशिप या दुसऱ्या श्रेणींत पोंचला. ओसाड कॉप २०२३ मध्यें पाडण्यांत आली.

आणि त्या दुपारचा प्रतिस्पर्धी? २००५ सालीं रेक्समबरोबर ज्या तीन संघांना खालच्या श्रेणींत उतरावें लागलें, त्यांतील एक टॉर्की युनायटेड होता. ५१ गुण मिळवूनहि, नुसत्या गोलांच्या फरकावर, तो बुडाला होता. रेक्समचे दहा गुण कापले गेले नसते तरी तो तरला नसता. मेडनहेडहून आलेल्या मालकांना यांतलें कांहीं ठाऊक होतें कीं नाहीं कोण जाणे. २०२३ सालीं, रेक्सम वर गेला त्याच हंगामांत, टॉर्की सहाव्या पायरीवर घसरला. पुढल्या वर्षीं त्याच्या मालकानें क्लब प्रशासकाच्या हातीं देण्याची सूचना दिली, आणि टॉर्कीचे गुण कापण्यांत आले. बरोबर दहा.