81 सेंटिमीटरची रेघ

‘बेंच किती मारतोस?’ जिममध्ये नव्या पोराला विचारला जाणारा पहिला प्रश्न हाच. हात किती लांब धरून मारतोस, हे कुणी विचारत नाही. खरं तर ते कळल्याशिवाय किलोच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो.

रॉड बारकाईने पाहा. पकड घसरू नये म्हणून लोखंडाला खरखरीत नक्षी पाडलेली असते. त्या नक्षीत दोन्ही बाजूंना एकेक बारीक गुळगुळीत रेघ सोडलेली असते. बाकावर उताणं पडून वर हात नेला की न बघताही बोटाला ती लागते. पॉवरलिफ्टिंगच्या रॉडवर या दोन रेघांमध्ये 81 सेंटिमीटर अंतर असतं. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमानुसार दोन तर्जन्यांमध्ये याहून जास्त अंतर चालत नाही. इंचांत मोजलं तर जवळजवळ 32.

हात लांब धरण्याला मर्यादा का घालावी लागली? हात जितके लांब, तितका रॉड छातीच्या जवळच थांबतो, आणि तेच वजन कमी अंतर उचलावं लागतं. त्याची किंमत खांदा आणि छातीचे स्नायू मोजतात, ती गोष्ट वेगळी. हात जवळ घेतले की अंतर वाढतं आणि दंडामागचा ट्रायसेप्स बोंबलायला लागतो. बेंच प्रेसचा सगळा इतिहास म्हणजे या अंतरासाठी चाललेली घासाघीस आहे.

सुरुवातीला बाकच नव्हता. ‘रशियन सिंह’ म्हणून गाजलेला, एस्टोनियात जन्मलेला मल्ल जॉर्ज हॅकेनश्मिट 1898 मध्ये जमिनीवर उताणा झोपला, रॉड चेहऱ्यावरून ओढून छातीवर आणला आणि 361 पौंड, म्हणजे सुमारे 164 किलो, सरळ वर ढकलले. जमिनीवर कोपर टेकतं, त्यामुळे खालचा अर्धा प्रवास आपोआप कापला जातो. हा विक्रम 18 वर्षं टिकला. 1916 मध्ये जो नॉर्डक्वेस्टने तो मोडला, तो अवघ्या 2 पौंडांनी. मधल्या काळात एस्टोनियाच्याच गेओर्ग लुरिखने 1902 मध्ये 443 पौंडांचा आकडा लावला, पण वेगळ्या युक्तीने: रॉड पोटावर ठेवायचा, कंबर झटक्याने उचलून तो वर उडवायचा आणि शेवटचा थोडा भाग हातांनी पुरा करायचा. ताकद होतीच, पण 82 पौंडांचा तो फरक हाताचा कमी आणि पोटाचा जास्त.

पुढे खोकी आणि बाक आले. कोपर बाकाच्या खाली जाऊ लागलं आणि रॉड छातीला टेकवणं हा उचलीचाच भाग झाला. याच बाकावर कॅनडाच्या डग हेपबर्नने 1953 मध्ये 500 पौंड आणि अमेरिकेच्या पॅट केसीने 1967 मध्ये 600 पौंडांचा टप्पा गाठला. 1972 मध्ये महासंघ स्थापन झाला. आज त्याच्या नियमपुस्तकात बाकाची उंचीसुद्धा 42 ते 45 सेंटिमीटर अशी बांधून दिलेली आहे. अंगठा रॉडभोवती गुंडाळलाच पाहिजे आणि उलटी पकड चालणार नाही, हेही तिथेच लिहिलेलं. आपल्या तालमीत जोर काढणाऱ्याला कुणी कधी टेप लावला नाही. तिथे मोजायचे ते जोर, त्यामुळे भांडण आकड्यांपुरतंच राहिलं.

अंतराला नियमाने कुलूप लागल्यावर खेळाडूंनी कपड्याला हात घातला. 1980 च्या दशकात अमेरिकेच्या जॉन इन्झरने बेंच शर्ट बाजारात आणला. हा शर्ट इतका ताठ असतो की तो चढवायला दोन माणसं लागतात. रॉड खाली येताना कापड ताणलं जातं आणि वर जाताना स्प्रिंगसारखं ढकलतं. गंमत अशी, की पुरेसं वजन नसेल तर रॉड छातीपर्यंत पोचतच नाही. 2004 मध्ये जीन रिचलॅक अशाच शर्टात 1,000 पौंडांच्या पुढे गेला. शर्टाविना ज्युलियस मॅडॉक्सने 2021 मध्ये 355 किलो, म्हणजे सुमारे 782 पौंड, उचलले. माझं मत विचाराल तर हे दोन वेगळे खेळ आहेत, आणि महासंघाने विनाशर्ट स्पर्धांना वेगळी चूल दिली ते बरंच केलं.

सरावाची साधनंही याच अंतराशी खेळतात. छातीवर लाकडी फळ्यांची चवड ठेवून रॉड तिच्यावरच टेकवायचा, ही शर्टवाल्यांची रीत: एक फळी, दोन फळ्या, तीन फळ्या. खालचा टप्पा वगळून वरच्या टप्प्याला जड वजनाची सवय लावायची. मार्क बेलचा स्लिंगशॉट म्हणजे दोन्ही कोपरांवर चढवायचा लवचिक पट्टा, तळाशी छातीला आधार देणारा. खांदा दुखत असताना तो खरोखर उपयोगी पडतो. मात्र त्यात उचललेला आकडा स्वतःच्या नावावर सांगणारे जिमभर भेटतात.

मग उरली पाठ. हात 81 वर, पाठीची कमान जमेल तितकी उंच, आणि रॉडचा प्रवास चार बोटांचा. लवचिक अंगाच्या, हलक्या वजनगटातल्या खेळाडूंच्या अशा उचली पाहून ‘याला उचलणं म्हणायचं का?’ असा वाद पेटला. महासंघाने कमानीला हात लावला नाही आणि 81 चा आकडाही तसाच ठेवला. 1 जानेवारी 2023 पासून नियम आला तो कोपराचा: रॉड छातीवर असताना कोपराची खालची बाजू खांद्याच्या वरच्या पातळीला किंवा तिच्याखाली यायला हवी. उचल वैध की अवैध, हे ठरवताना पंचांची नजर आता कोपरावरही असते.

एक शेवटचं. आपल्याकडच्या बऱ्याच जिममध्ये वेटलिफ्टिंगचा रॉड असतो, आणि त्याच्या रेघा 91 सेंटिमीटरवर असतात. काही रॉडवर दोन्ही जोड्या असतात. मी स्वतः कित्येक महिने बाहेरच्या रेघेवर तर्जनी ठेवून बेंच मारला आणि वाढलेल्या किलोंवर खूश होतो. एका स्पर्धेआधी हात दहा सेंटिमीटर आत घ्यावे लागले तेव्हा त्यातले बरेच किलो गळून गेले. स्पर्धेला नाव देण्याआधी शिंप्याचा टेप घेऊन जा आणि तुमचा रॉड मोजा.