फाइलचे नाव : निषिद्ध चिन्हे आणि देवनागरीतील अडचणी

संगणकातील फाइलचे नाव वापरणाऱ्याच्या दृष्टीने मजकूर असले, तरी संगणकाच्या दृष्टीने तो पत्त्याचा भाग असतो. विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या प्रणालींचे याविषयीचे नियम भिन्न आहेत. त्यामुळे एका संगणकावर सुरळीत उघडणारी फाइल दुसऱ्यावर नेताना अडते किंवा समोर असूनही शोधात सापडत नाही.

निषिद्ध चिन्हे

लिनक्समध्ये तिरपी रेघ (/) आणि शून्य मूल्याचा बाइट एवढेच नावात वर्ज्य आहे. तिरपी रेघ तेथे फोल्डरांची नावे विभक्त करते. विंडोजमध्ये \ / : * ? " < > | ही नऊ चिन्हे चालत नाहीत. त्यांपैकी बहुतेकांना डॉसच्या काळापासून आदेशांत ठरावीक कामे नेमून दिलेली आहेत : अपूर्णविराम ड्राइव्हच्या अक्षरानंतर येतो, तर तारका आणि प्रश्नचिन्ह शोधासाठी वापरतात. रोमन लिपीतील सीओएन, पीआरएन, एयूएक्स, एनयूएल ही नावेही तेथे जुन्या उपकरणांसाठी राखीव आहेत. नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागा ठेवणेही टाळावे लागते.

जमिनीच्या कागदपत्रांत ही अडचण हमखास येते. महाराष्ट्रातील ७/१२ असो वा गोव्यातील १/१४, उताऱ्याच्या नावातच तिरपी रेघ आहे. मॅकच्या फाइंडरमध्ये असे नाव देता येते, कारण आतून ती रेघ अपूर्णविराम म्हणून साठवली जाते. विंडोजला मात्र ही दोन्ही चिन्हे अमान्य आहेत. तिरप्या रेघा घालून लिहिलेल्या तारखेचेही तेच होते.

लहान-मोठी रोमन अक्षरे

लिनक्स लहान आणि मोठ्या रोमन अक्षरांत भेद करते; विंडोज आणि नेहमीच्या मांडणीतील मॅकओएस करत नाहीत. केवळ एवढाच फरक असलेल्या दोन फाइली लिनक्सवरून विंडोजवर एकाच फोल्डरात उतरवल्यास एक दुसरीवर लिहिली जाण्याचा धोका असतो. देवनागरीत हा प्रश्न उद्भवत नाही. तिच्या अडचणी वेगळ्या आहेत.

नावाची लांबी

लिनक्सच्या प्रचलित फाइलव्यवस्थेत नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक वर्णसंकेत तीन बाइट घेतो. मात्रा, अनुस्वार आणि हलन्त चिन्ह स्वतंत्र मोजले जातात. ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द वाचणाऱ्याला पाच अक्षरांचा वाटतो. संगणकाला तो अकरा संकेतांचा, म्हणजे ३३ बाइटचा असतो. परिणामी संपूर्ण नाव ८५ संकेतांतच संपवावे लागते. विंडोजची मर्यादा बाइटवर नसल्याने तेथे चाललेले लांब नाव लिनक्स सर्व्हरवर नाकारले जाऊ शकते.

‘ऱ्य’चे तीन अवतार

‘शेतकऱ्यांची’मधील ‘ऱ्य’ तीन प्रकारे साठवता येतो : ऱ या स्वतंत्र संकेताने, र आणि नुक्ता जोडून, किंवा र, हलन्त चिन्ह आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर तिन्ही रूपे सारखी दिसतात, तरी लिनक्स आणि विंडोज त्यांना तीन वेगळी नावे मानतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइलव्यवस्था पहिल्या रूपाचे आपोआप दुसऱ्यात रूपांतर करी. २०१७ मध्ये आलेली एपीएफएस दिलेले रूप तसेच ठेवते आणि पहिली दोन रूपे एकच मानते. तिसरे मात्र तेथेही वेगळेच राहते. सुऱ्या, दऱ्या, तऱ्हा अशा प्रत्येक शब्दाला हे लागू आहे. म्हणून एखादी फाइल शोधात न सापडल्यास ती हरवली असे समजू नये. ‘शेतक’ एवढाच भाग टंकून पुन्हा शोधावे.

झिप फाइली

झिप स्वरूपात नावे मुळात रोमन लिपीपुरत्या जुन्या संकेतपद्धतीत नोंदली जात. यूटीएफ-८ची खूण न घालणाऱ्या जुन्या साधनाने फाइली बांधल्यास उघडताना देवनागरी नावांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. आतील मजकूर मात्र शाबूत असतो.

सर्वत्र चालणारे नाव

तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, संयोगचिन्ह घालून लिहावी : ‘२०२४-०८-१५’. असे केल्याने फाइली कालक्रमाने लागतात. ‘७/१२’ऐवजी ‘७-१२’ लिहावे. मोकळ्या जागेऐवजी संयोगचिन्ह किंवा अंडरस्कोर वापरावा. मात्र नावाचा आरंभ संयोगचिन्हाने करू नये, कारण लिनक्सचे आदेश त्याला सूचना समजतात. नाव आटोपशीर ठेवावे. महत्त्वाची कागदपत्रे दुसऱ्या संगणकावर हलवल्यानंतर दोन्हीकडील फाइलींची संख्या ताडून पाहावी आणि मगच मूळ प्रती काढून टाकाव्यात.