निवळलेल्या पाण्याचा हंगाम

कान नदीला पहिला मोठा पूर आला की साक्रीच्या काठावर पाण्यात घातलेला हात मनगटापाशीच दिसेनासा होतो. डोंगरउतारावरची माती घेऊन कान पांझरेला मिळते आणि पांझरा मुडावदजवळ तापीला. या गढूळ पाण्याशी खानदेशाने फार पूर्वीच जमवून घेतलं. नदीचं पाणी भरलं की माठाच्या आतल्या बाजूला निवळीचं बी घासायचं. गाळ तळाशी बसे आणि वरचं पाणी हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओतून घेता येई. निवळी हे नाव तिच्या कामावरूनच पडलं. पांझरेवरच्या सिंचनाच्या जुन्या फड पद्धतीतही पाटात साचलेला गाळ शेतकरी मिळून काढत, मगच पाटकऱ्याला पाणी फडाफडांत फिरवता येई.

पाणी कधी निवळेल, हाच प्रश्न समुद्राच्या पोटात उतरणारा पाणबुड्याही विचारतो.

साक्रीचं पाणी तापीवाटे ज्या समुद्राला मिळतं, तिथे मात्र ते निवळतच नाही. १९७२ साली पूर्ण झालेलं उकाई धरण तापीचा बराच गाळ अडवतं. तरीही खंभातच्या आखातात भरती-ओहोटीची ओढ इतकी जबर, की तळाचा चिखल सतत ढवळला जातो. त्यामुळे साक्री-पिंपळनेरच्या माणसाला समुद्राचा तळ पाहायचा, तर सुरतेजवळचा किनारा सोडून थेट मालवण गाठावं लागतं.

मालवणला स्कूबाचा धंदा नवा असला, तरी त्याचं वेळापत्रक जुनं आहे. कुरटे बेटावर १६६४ साली सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू झालं, त्याच्याही आधीपासून इथले दर्यावर्दी पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवत आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा दर्यात उतरत. तिथीवरून पाण्याचा जोर ओळखणं हे तर त्यांचं रोजचं गणित. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमारास भांगाची. उधाणात पाणी जोराने आत-बाहेर होतं आणि तळाची वाळू उठते. भांगाला ओढ मंदावते. रापणीचं जाळं ओढणाऱ्यांचा हा हिशेब आज पाठीवर हवेची टाकी बांधून उतरणाऱ्याच्या तितकाच कामाचा आहे. शाळेच्या पुस्तकात भेटलेले खारे वारे आणि मतलई वारेसुद्धा इथे खरे होतात. सकाळी दर्या शांत असतो. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की लाटा वाढतात, म्हणून डुबकी सकाळीच घेतलेली बरी.

पाण्याची नितळाई मापात बसवली ती एका इटालियन धर्मगुरूने. खगोलशास्त्रज्ञ असलेल्या अँजेलो सेक्की यांनी १८६५ साली पोपच्या जहाजावरून दोरीला बांधलेली पांढरी तबकडी भूमध्य समुद्रात सोडली. तबकडी ज्या खोलीवर दिसेनाशी होई, ती पाण्याच्या नितळपणाची खूण. इतकं साधं साधन, पण अजूनही वापरात आहे. अरबी समुद्राचा शोध त्यानंतर बऱ्याच वर्षांनी नेटाने सुरू झाला. १९३३-३४ मध्ये 'मबाहिस' जहाजावरची जॉन मरे मोहीम निघाली, १९५९ ते १९६५ दरम्यान आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली आणि तिच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचं मुख्यालय गोव्यात दोना पावला इथे आहे.

या अभ्यासातून कळलेली गोष्ट विलक्षण आहे. पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह वर्षातून दोनदा दिशा बदलतो. पावसाळ्यात तो दक्षिणेकडे वाहतो, हिवाळ्यात उत्तरेकडे, आणि तेव्हा बंगालच्या उपसागरातलं कमी खारट पाणीही इकडे आणतो. पावसाळी प्रवाहाच्या काळात खोलातलं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी किनाऱ्याजवळ वर येतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती पोसतात, त्यांच्यावर मासळी. दर्याची बरकत यातूनच येते. पाणी हिरवट होतं तेही यातूनच. पाऊस थांबून नद्यांचा गाळ खाली बसला, तरी ऑक्टोबरात समोरचं धूसर दिसू शकतं, कारण पाण्यात तरंगणारी ही सजीवांची दाटी अजून ओसरलेली नसते. गाळाची आणि जिवांची अशी दोन्ही गढूळता उतरली की थंडीतले दिवस उजळतात. मार्चनंतर कधी कधी लाकडाच्या भुशासारखा तवंग पाण्यावर पसरतो; ती ट्रायकोडेस्मियम नावाच्या सूक्ष्मजीवाची वाढ. मेअखेरीस दर्या खवळू लागतो आणि हंगाम आटोपतो.

जागेचाही वाटा मोठा. देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथलं पाणी आणि सिंधुदुर्गाच्या खडकांजवळचं पाणी एकाच दिवशी वेगळं दिसू शकतं. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखली जाणारी आंग्रिया बँक ही बुडालेली प्रवाळभूमी आहे. नदीचा गाळ इतक्या दूर पोचत नाही, म्हणून तिथलं पाणी किनाऱ्याहून कितीतरी स्वच्छ.

कुस्तो आणि गान्याँ यांनी १९४३ साली फ्रान्समध्ये पाण्याखालच्या श्वसनाचं उपकरण तयार केलं, पण मालवणला हा धंदा रुजायला अर्धशतकाहून जास्त काळ गेला. मधे १९८७ साली मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. आपली मासेमारी बंद पडेल या भीतीने मच्छीमारांनी त्याला विरोध केला, आणि पोट दर्यावर असणाऱ्यांची ती भीती गैरवाजवी म्हणता येत नाही. पुढे स्थानिक तरुण डायव्हिंग शिकले. तारकर्लीला प्रशिक्षण संस्था उभी राहिली आणि सागरी जीवशास्त्रज्ञ सारंग कुलकर्णी यांनी या कामाला आकार दिला.

खानदेशातली कुटुंबं मालवणला जातात ती बहुतेक दिवाळीच्या नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीत, म्हणजे नेमकी हंगामाच्या दोन टोकांना. डिसेंबर-जानेवारीतली भांगाची एखादी शांत सकाळ साधली, तर होडीतून वाकून पाहणाऱ्यालाही खाली सोडलेल्या नांगराचा दोर दूरवर उतरत गेलेला दिसतो. त्या दिवसांत इकडे साक्रीत कान नदीच्या डोहात तळाचे गोटे मोजता येतात.